लोणार: एसटीने, एकटीने आणि पायी

लोणारला निघाले आहे असे सांगितले की मुंबईतली माणसे पहिला प्रश्न विचारतात तो 'तिथे बघायला किती वेळ लागतो' हा. काठावर उभे राहून फोटो काढायचे असतील तर पंधरा मिनिटे पुरतात, आणि मोटारीने येणारी बरीच मंडळी तेवढाच वेळ थांबून पुढे जातात. पण अशनी आदळून झालेले इथले हे विवर काठावरून जेवढे दिसते त्याहून कितीतरी अधिक ते खाली उतरल्यावर कळते, आणि त्यासाठी एक अख्खा दिवस, मुक्कामाची रात्र आणि चालण्याची तयारी लागते. हाताशी मोजके पैसे घेऊन एसटीने जाणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टी कराव्याच लागतात, आणि सोबत कोणी नसेल तर 'चला, झाले आता' असे म्हणणारेही कोणी नसते. म्हणून लोणार पाहण्याची हीच रीत मला सर्वांत योग्य वाटते.

लोणारपर्यंत रेल्वे नाही. मुंबईकरांसाठी सोयीचे स्थानक म्हणजे जालना. सीएसएमटीहून रात्री सुटणारी देवगिरी एक्स्प्रेस मनमाड, छत्रपती संभाजीनगर करत पहाटे जालन्याला पोचवते. दिवसा धावणाऱ्या जनशताब्दी आणि वंदे भारत या गाड्याही आहेत, परंतु रात्रीच्या गाडीच्या स्लीपरमध्ये तिकीटही स्वस्त पडते, एका रात्रीच्या लॉजचा खर्चही वाचतो आणि दिवस हाताशी राहतो. जालन्याहून लोणार नव्वदेक किलोमीटर आहे. मंठ्यावरून जाणारी एसटी मिळाली, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट असल्यामुळे या टप्प्याचा खर्च जवळपास नगण्य झाला. या सवलतीवर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्या गाडीत माहेरी निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, बाजाराला निघालेल्या बायका दिसल्या आणि त्या सगळ्यांबरोबर खिडकीशी बसून जाताना या सवलतीचे मोल पुरेपूर कळले.

"एकट्याच आल्या का ताई?" हा प्रश्न वाहकाने विचारला, लॉजवाल्याने विचारला आणि चहाच्या टपरीवरच्या मावशींनीही विचारला. त्यात संशय कमी आणि काळजीच जास्त होती. एकटीने प्रवास करू इच्छिणाऱ्या मुलींना एवढेच सांगते की उजेडी पोचावे, बसस्थानकाजवळ वर्दळीच्या जागी उतरावे, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ फलकावर वाचून न थांबता चौकशीच्या खिडकीवर पुन्हा विचारून घ्यावी आणि सोबत सुट्टे पैसे ठेवावेत. माझ्या आईला या सगळ्याचा तपशील फोनवर ऐकायचा असतो, आणि तो सांगताना आपली व्यवस्था आपल्यालाच नीट तपासून घेता येते.

गावातून विवराकडे चालत जाताना एक गोष्ट लक्षात ठेवून पाहावी. जमीन हलकेच चढत जाते. चढ इतका सौम्य असतो की पायांना जाणवतही नाही, पण हा चढ म्हणजेच आघाताची पहिली खूण आहे. अशनी येऊन आदळला तेव्हा खालचा खडक फुटून बाहेर फेकला गेला आणि तो विवराभोवती सर्व बाजूंनी सव्वा किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला. आपण चालतो ते त्या फेकलेल्या मालावरून. मग एकाएकी जमीन संपते आणि समोर जवळजवळ गोलाकार, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उघडते. काठापासून तळ साधारण दीडशे मीटर खाली असून तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर आहे आणि त्याच्याभोवती दाट झाडीचे कडे आहे.

विवराच्या भिंतीत काळ्या दगडाचे थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक लोंढे येऊन दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला; त्याच काळातला दगड आपल्याला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभ्या खांबांच्या रूपात दिसतो. मुंबईच्या माणसाला हा दगड मुळीच परका नाही. परंतु लोणारच्या काठाजवळ हेच थर आडवे न राहता बाहेरच्या दिशेने कललेले आहेत, आणि काही ठिकाणी तर उलटलेलेही आहेत. खालून प्रचंड धक्का बसून खडक उचलला गेल्याचे ते चिन्ह आहे. काठावर उभे राहून पाहण्यासारखी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि फोटो काढणारे तिच्याकडे पाठ करून उभे असतात याचे मला खरोखर वाईट वाटले.

ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ हे विवर ज्वालामुखीमुळे झाले असेच मानले जात होते. सभोवती सगळा लाव्हाच असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही होते. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अॅरिझोनातल्या, आज आघाताने झालेले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विवराशी लोणारची तुलना केली होती, पण पक्का पुरावा मिळायला १९७० चे दशक उजाडावे लागले. विवराच्या तळात छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाला अतितीव्र दाबाचा धक्का बसला तर त्याची स्फटिकरचना मोडून काचेसारखा पदार्थ तयार होतो, तोच हा. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, तो आघातातच होतो. बेसॉल्टमध्ये झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघात-विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे तिथली विवरे समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी येतात. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

पुराणकथेलाही या खड्ड्याचे कारण सांगावेसे वाटले आहे. लोणासुर नावाचा दैत्य भूमिगत विवरात लपून लोकांना छळत असे, विष्णूने वरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्याचा वध केला, आणि ते झाकण दूर पडून त्याची टेकडी झाली, अशी ही कथा आहे. जमिनीचा तुकडा उडून दूर गेला, एवढे साम्य लक्षात घेतले तर मला विज्ञान आणि ही कथा यांत पाठ फिरवण्याइतके अंतर वाटत नाही. पण कथेला पुरावा म्हणून वापरणेही मला मान्य नाही. गावातले दैत्यसूदनाचे, म्हणजे दैत्याला मारणाऱ्या विष्णूचे, मंदिर याच कथेचे आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे पाहायला सकाळचे तिरपे ऊन चांगले, कारण काळ्या दगडातली कोरीव रेघ दुपारच्या सपाट उजेडात हरवते.

खाली उतरण्याची वाट धारेजवळून जाते. गोमुखातून पडणारी ही गोड्या पाण्याची धार बारमाही आहे. तिथे अंघोळ करणारे भाविक, कपडे वाळत घातलेल्या पायऱ्या आणि पलीकडे लगेच सुरू होणारे रान, असे सगळे एकाच ठिकाणी आहे. विवराचा परिसर अभयारण्य असल्यामुळे पुढे वनखात्याचे नियम लागू होतात. प्लास्टिक टाकायचे नाही, अंधार पडण्याआधी वर यायचे, आणि पिण्याचे पाणी आपलेच न्यायचे. उतरताना हवा बदलते. वर वारा असतो, खाली दमटपणा. मोर ओरडत असतात, वानरांच्या टोळ्या झाडांवरून आपल्याबरोबर चालतात. रानात यादवकाळातली पडकी मंदिरे एकामागून एक लागतात. कुठे छत उरले आहे तर कुठे केवळ खांब, आणि काहींच्या भिंतींत झाडांची मुळे शिरली आहेत. काही मंदिरांपाशी नावाचा फलकही नाही. या मंदिरांची नीट माहिती मराठीतून तिथल्या तिथे वाचायला मिळायला हवी, असे मला फार तीव्रतेने वाटले.

सरोवराजवळ पोचण्याआधीच त्याचा वास येतो. पाण्यात वाढणारे हिरवे शेवाळ काठाला लागून कुजते, त्याचा हा उग्र दर्प. नाकाला रुमाल लावून लोक परत फिरतात; मी थांबले, कारण मला जे करून पाहायचे होते ते इथेच करता येणार होते. घरून निघताना कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद बांधून घेतली होती. डब्याच्या झाकणात सरोवराचे थोडे पाणी घेतले आणि त्यात हळद टाकली. पिवळा रंग पाण्यात विरघळता विरघळताच तांबूस झाला आणि पाहता पाहता झाकणात विटकरी लाल पाणी उभे राहिले. दुसऱ्या झाकणात धारेचे, बाटलीतून आणलेले पाणी घेऊन हाच प्रयोग केला. ते पिवळेच राहिले. कमळजा देवीच्या दर्शनाला आलेल्या एक आजी शेजारी उभ्या राहून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर कुंकूच झालं की!" त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते, कारण पारंपरिक कुंकू हळदीत चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळूनच करतात.

पाणी असे का, याचे उत्तर विवराच्या आकारात आहे. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर जायला एकही वाट नाही. ते केवळ वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालत आल्यामुळे पाणी खारट तर झालेच, शिवाय सोडियम कार्बोनेटमुळे तीव्र अल्कधर्मीही झाले. त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास नोंदला गेला आहे. उन्हाळ्यात काठावर जमणारा खार लोक पूर्वी गोळा करत. 'आईन-ए-अकबरी'तही लोणारचा उल्लेख असून काच आणि साबण यांना लागणारे सारे जिन्नस या भागात मिळतात असे तिथे म्हटले आहे. अशा पाण्यात मासे नांदत नाहीत, पण सूक्ष्मजीवांचे एक वेगळेच जग नांदते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदीतल्या मुंबईत बसून आपण सगळ्यांनी ती छायाचित्रे पाहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य हे त्याचे कारण निघाले. पाणी आटून खारेपणा वाढला की त्यांची वाढ होते, आणि पावसाने पाणी सौम्य झाले की रंग ओसरतो.

याच काठाला सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका भागाचे पाणी गोड आणि दुसऱ्याचे खारट अशी तिची ख्याती. सरोवराची पातळी वाढली की ती पाण्याखाली जाते, त्यामुळे ती दिसेलच असे धरून जाऊ नये. कमळजा देवीचे मंदिर तिथून जवळ, पाण्याच्या अगदी काठाशी. नवरात्रात इथे यात्रा भरते.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. नांदूर मध्यमेश्वरनंतर या यादीत आलेले महाराष्ट्रातले हे दुसरे ठिकाण. हा मान योग्यच आहे, पण या सरोवराची राखण इतर तलावांसारखी करून भागणार नाही. इतर ठिकाणी तलावात गोडे पाणी वाढले तर आनंद मानतात. इथे ते प्रमाणाबाहेर वाढले तर ज्या खारेपणावर हे सारे सूक्ष्मजीव जगतात तोच कमी होतो. गावाचे सांडपाणी आणि काठावरच्या शेतांतून वाहून येणारी खते-औषधे यांचा बंदोबस्त हा म्हणूनच सुशोभीकरणाच्या किती तरी आधीचा विषय आहे. काठावर रेलिंग आणि सेल्फी पॉइंट उभारले म्हणजे संवर्धन झाले असे मला मुळीच वाटत नाही.

मुक्काम केल्यामुळे दुसरी सकाळ हाताशी राहिली आणि ती मोठ्या मारुतीकडे घालवता आली. इथली मूर्ती निजलेल्या हनुमानाची असून तिचा दगड चुंबकीय असल्याचे सांगतात. पुढेच अंबर तळे आहे. मुख्य विवराहून कितीतरी लहान असलेला हा खोलगटही आघातानेच झाला असावा असे काही अभ्यासक मानतात, इतरांना ते पटलेले नाही. पर्यटक इकडे क्वचितच येतात, पण मोठे विवर पाहून झाल्यावर या लहान खोलगटाच्या काठावरून चालले की आपण काल शिकलेल्या खुणा इथे आहेत का, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते, आणि अर्धा तास त्यातच निघून जातो.

परतताना सिंदखेडराजावरून जाणारी एसटी मिळाली तर जरूर घ्यावी, म्हणजे जिजाऊंचे जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा राजवाडा त्याच तिकिटाच्या वाटेवर पाहून होतो आणि तिथून जालन्याला रात्रीच्या गाडीसाठी वेळेत पोचता येते. जायचे असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावे. पावसाळ्यात उतरण्याची वाट निसरडी होते, आणि एप्रिल-मेमध्ये त्या खोलगट तळाशी दुपारचे ऊन सोसवत नाही.