बोलायचं कुणी

रविवार, रात्र

आमच्या घरात एक जुना नियम आहे. पानावर बसल्यावर राजकारण काढायचं नाही. सासऱ्यांनी तो घातला आणीबाणीच्या दिवसांत, कारण घरात एक भाऊ संघाचा आणि दुसरा समाजवादी. तेव्हा त्या नियमाने घर सांभाळलं, हे मी मानते. पण आताशा पक्ष आणि निवडणुका तेवढ्या बंद असतात. आडनावांबद्दल, कट-ऑफबद्दल, कामवालीच्या वेगळ्या कपाबद्दलचं बोलणं चालूच असतं आणि ते कोणी थांबवत नाही.

आज मोठ्या भाऊजींकडे जेवायला होतो. पुतण्या न्यू जर्सीहून आलाय. वाढता वाढता त्याने सांगितलं, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एकाने गाडीची काच खाली करून ओरडून सांगितलं, तुमच्या देशात परत जा. मुलगी मागच्या सीटवर होती. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, डब्यात पोळी-भाजी नको. भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. जाऊबाई उठून आत गेल्या. सगळ्यांच्याच पोटात कालवलं.

मठ्ठा येईपर्यंत विषय नणंदेच्या नातीच्या प्रवेशावर आला होता. कॅप राउंडची यादी, कुठलं कॉलेज किती टक्क्यांना बंद झालं, आणि मग भाऊजी म्हणाले, "आपल्या पोरांनी जायचं कुठे? आरक्षणाला बाबासाहेबांनी स्वतः दहा वर्षं म्हटलं होतं. सत्तर होऊन गेली."

हे वाक्य पुण्यात मी इतक्या ठिकाणी ऐकलंय, तळजाईच्या चढावर, बँकेच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला कोणीतरी तसंच सांगितलेलं असतं. म्हणून मी म्हणाले, "भाऊजी, दहा वर्षांचं खरं आहे. पण ते कशाला होतं, बघू या का?" आणि फोनवर राज्यघटनेचं ३३४ वं कलम काढून दिलं. त्यांनी चष्मा बदलला आणि मोठ्याने वाचलं. ती मुदत लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांना होती. संसद ती दर दहा वर्षांनी वाढवत आली, शेवटची २०१९ साली १०४ व्या दुरुस्तीने, २०३० पर्यंत. नोकऱ्यांमधल्या आरक्षणाचं कलम १६(४). त्यात मुदत नाही, कधीच नव्हती. शिक्षणासाठीचं १५(४) तर १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने आलं.

"बरं," भाऊजी म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं. पण तरी."

त्या 'पण तरी'शी बोलायचं असेल तर माणसाच्या पोटात काय आहे ते ऐकावं लागतं. भाऊजींच्या पोटात त्यांचे वडील आहेत. सासरे कोकणातून पुण्यात आले ते वार लावून जेवून शिकले. सात वार, सात घरं. मंगळवारच्या घरी ताक नेहमी आंबट असायचं, हे ते म्हातारपणीही सांगायचे. भाऊजींचं म्हणणं, आम्हाला कोणी काय दिलं? आम्हीही उपाशीच होतो.

उपासमार खरी होती. ती मी नाकारली नाही आणि कधी नाकारणारही नाही. मी एवढंच म्हणाले, "त्या सात घरांची दारं त्यांना उघडली. त्याच गावातून त्याच वर्षी एखादा दलित मुलगा पुण्यात आला असता, तर त्याला वार कोणी दिला असता?"

भाऊजी बराच वेळ मठ्ठ्याची वाटी फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्याची भरपाई आता या पोरीने करायची का?"

हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. सतरा वर्षांची मुलगी समोर बसली होती, मान खाली. तिच्यासाठी गेल्याच महिन्यात आपण सगळ्यांनी धावपळ करून तहसीलमधून ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा, दाखला काढला होता. ते माझ्या ओठावर आलं होतं. भाऊजींना गप्प करायला तेवढं पुरलं असतं. पण वादात तिचा दाखला फडकावला असता तर मुलीने पुढे कधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नसतं, आणि तिने तरी का पाहावं?

जेवणं झाल्यावर गॅलरीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा काढलं. ते म्हणाले, "ते गरिबीवर आहे, जातीवर नाही." मी म्हणाले, २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीतल्या त्या दहा टक्क्यांत एससी, एसटी, ओबीसींमधल्या गरिबाला जागा नाही. त्याचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या मर्यादेच्या कितीही खाली असो. भाऊजींनी ते पुन्हा विचारून घेतलं. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी टिकवलं, तेव्हा विरोधातल्या दोन न्यायाधीशांचा आक्षेप नेमका याच वगळण्यावर होता, हेही सांगितलं. मत बदललं नाही त्यांचं. पण निघताना म्हणाले, "ते कलमाचं मला पाठव गं."

सोमवार

पुतण्याला घेऊन गंज पेठेत फुलेवाड्यावर गेले. पुण्यात वाढला, पण कधी आला नव्हता. शाळेच्या सहलीत शनिवारवाडा असतो, सिंहगड असतो. हा वाडा नसायचा.

हौदापाशी उभं राहून मी त्याला सांगितलं, १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं. कोणाचा तांब्या पाण्याला लागावा यावर माणसाचं माणूसपण ठरायचं, ते याच पेठांमध्ये. आणि मग 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेबद्दल सांगितलं. पुस्तक १८७३ चं, इथलंच. जोतीरावांनी ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या लोकांची गुलामी संपवायला झीज सोसली. तिकडे गुलामी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. आठ वर्षांत गंज पेठेतल्या माणसाने त्या लढ्याशी आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं नातं जोडलं होतं.

पुतण्या गप्प होता. मग त्याने आपणहून जे सांगितलं ते मी विचारलं नसतं. म्हणाला, "काकू, मी तिथे गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, शहराच्या अमुक भागात घर बघू नकोस. काळ्यांची वस्ती आहे."

"कोणी सांगितलं?"

"आपल्याच लोकांनी. आणि मी पुढच्यांना तेच सांगत आलो."

मी त्याला रविवारच्या जेवणाची आठवण करून दिली नाही. पार्किंगमधल्या त्या प्रसंगाची जखम अजून ओली आहे. तिच्यावर बोट ठेवून 'बघ, आपल्याकडेही असंच' म्हटलं असतं तर तो आतून मिटला असता. दुसऱ्याचं दुःख समजायला स्वतःचं दुःख उपयोगी पडतं, पण तिथपर्यंत ज्याने त्याने आपल्या पायांनी जायचं असतं. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला गेले, पुतण्याच्या घरापासून नदीपलीकडे. १९४६ मध्ये त्यांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणारा अर्ज मागवला होता. हे त्याला ठाऊक नव्हतं. फोनमध्ये टिपून घेतलं त्याने.

येताना रिक्षात मनात आलं, पुण्याला मतभेद नवे नाहीत. १८७५ मध्ये वेद प्रमाण मानणाऱ्या आर्य समाजाच्या दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हा सुधारक न्यायमूर्ती रानडे त्यात होते आणि जोतीरावही. जोतीरावांना वेदांचं प्रामाण्य मुळीच मान्य नव्हतं. सनातन्यांनी गाढवाला सजवून गर्दभानंदाची मिरवणूक काढली, चिखल फेकला, तेव्हा जोतीरावांची माणसं रक्षणाला होती. आणि दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याच रानड्यांनी मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं तर जोतीरावांनी सडेतोड नकार कळवला. ज्यांना सगळ्यांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, या अर्थाचं पत्र. चिखल सोबत झेलायचा आणि नकारही तोंडावर द्यायचा. मला यातलं दुसरं पहिल्याइतकंच आदराचं वाटतं. समोरच्याला खरं उत्तर पेलेल असं मानल्याशिवाय कोणी इतकं स्पष्ट लिहीत नाही.

बुधवार

मैत्रिणीकडे येरवड्याला. बँकेत आम्ही शेजारशेजारच्या काउंटरवर बसायचो. तिला रविवारचं सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "मला ना, या वादांचा आता कंटाळा येतो. तीस वर्षं कँटीनमध्ये मला विचारायचे, तुझं प्रमोशन कशातून? हसत हसत विचारायचे हं, अगदी आपुलकीने. मी चिडले तर म्हणणार, हिच्याशी बोलायचीच सोय नाही. तू सांग त्यांना. तुझी माणसं आहेत ती."

याचा मी परतीच्या बसमध्ये विचार करत राहिले. भाऊजींशी वाद घालताना माझं काय जातं? फार तर एक रविवार कडू होतो. माझी डिग्री खरी का, माझं डोकं किती, याचा हिशोब कोणी मांडत नाही. तिला मात्र प्रत्येक वेळी स्वतःला पुराव्यासारखं टेबलावर ठेवावं लागतं आणि वर आवाजही खाली ठेवावा लागतो. 'दोन्ही बाजूंनी शांतपणे बोलावं' असं आपण म्हणतो तेव्हा हा फरक आपल्याला दिसतच नाही.

तिच्या घरापासून कारागृह जवळ आहे. पुणे करार तिथे झाला, २४ सप्टेंबर १९३२. प्रांतिक विधिमंडळांतल्या दलितांच्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि फक्त दलितांनी मत द्यायचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. मला शाळेत तो दोन थोर माणसांमधला समेट म्हणून शिकवला गेला. तिच्या वडिलांनी तिला सांगितलं ते असं: गांधीजींचं उपोषण चालू, त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर गावोगावच्या वस्त्यांवर काय गुदरलं असतं, हे डोळ्यांपुढे ठेवून बाबासाहेबांनी सही केली. बोलणी सभ्य होती, पण दोन्हीकडे पणाला लागलेलं सारखं नव्हतं.

आमच्या दोघींचंही सगळं जुळत नाही. अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येईल असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिला. मला तो न्याय्य वाटतो, मागे राहिलेल्या जातींना त्यातून वाट मिळेल असं वाटतं. तिला त्यात समाज फुटण्याची भीती दिसते. आज तासभर बोललो त्यावर. ती माझ्यापेक्षा जास्त वाचून बसली होती. मला तिचं पटलं नाही, तिला माझं नाही. चहा मात्र परत ठेवला तिने.

शुक्रवार, रात्र उशिरा

सोसायटीची बैठक. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे आणि बघायला आलेली मुलं नागालँडची. त्याआधी एक आफ्रिकन विद्यार्थी येऊन गेला होता, त्याला जिन्यातूनच परत पाठवलं होतं. कोणी आवाज चढवला नाही. सगळं गोड भाषेत चाललं होतं. 'आमचं काही म्हणणं नाही, पण त्या लोकांचं राहणीमान वेगळं असतं.' 'घरात लहान मुली आहेत.' 'उग्र वासाचं शिजवतात.'

माझ्या अंगावर काटा आला, कारण मला ऑगस्ट २०१२ आठवला. अफवा उठल्या होत्या, इथे ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली होती, आणि पुणे स्टेशनवर ती मुलं बॅगा घेऊन गाडीची वाट पाहत उभी होती. नोकरी, कॉलेज सोडून. आपल्या शहराला भिऊन ती जात होती.

मी उठून विचारलं, "इथे कोणाला काय त्रास झालाय? ऐकीव नको, स्वतःचा सांगा." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पहिल्या मजल्यावरचे काका बोलले. निवृत्त आहेत, पत्नी अंथरुणाला खिळलेली. मागच्या भाडेकरूंच्या पार्ट्यांनी त्या रात्र-रात्र झोपल्या नव्हत्या. काकांचा आवाज कापत होता. ते भाडेकरू नागपूरचे मराठी इंजिनियर होते, हे त्यांनीच सांगितलं.

"मग काका, आपण रात्री दहानंतरच्या आवाजाचा नियम करू. सगळ्यांना, मालकांनाही."

"नियम कोण पाळतं?"

"नाही पाळला तर मी तुमच्याबरोबर दार वाजवायला येईन. मध्यरात्री आलात तरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. सेक्रेटरींना विषय पुढे ढकलायचा होता, मी ढकलू दिला नाही. त्या मुलांची पगारपत्रकं आलेली आहेत, पोलीस पडताळणी सगळ्यांची होते तशी त्यांचीही होईल, आणखी काय हवंय? एक जण म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." मी म्हणाले, हो, त्या मुलांच्या आया तिकडे बसून माझं लेकरू पुण्यात सुखरूप आहे ना याचा विचार करत असतील, तर भावना असणारच. पण पगारपत्रकही आहे.

शेवटी भाडेकरूंसाठी लेखी नियम करायचे ठरले आणि त्यानंतर मुलांना उत्तर द्यायचं. मुलांना तोवर थांबवायचं हे मला मान्य नव्हतं, तसं मी नोंदवायला लावलंय. मसुदा काकांनी आणि मी मिळून लिहायचा आहे. उद्या सकाळी नऊला ते येतील, काकूंचं आवरून. पहिलं कलम आवाजाचं, ते त्यांच्याच शब्दांत घालू. दुसरं डिपॉझिटचं. तिसरं मी मांडणार आहे: जात, धर्म, प्रांत आणि रंगावरून कोणाला नाही म्हणायचं नाही. त्यावर ते अडतील. अडले तर मसुदा उद्या पुरा होणार नाही, मग रविवारी बसू, सोमवारी बसू. घरमालकाला मी सांगून ठेवलंय, मुलांना फोन करून कळवा, विषय संपलेला नाही.