कुंडीतल्या कंदांचा हिवाळा

शिकागोच्या पश्चिम उपनगरांत कुंड्यांमध्ये बाग करणाऱ्यांना ट्युलिप, डॅफोडिल यांसारखे कंद आणि होस्टा, सेडम यांसारखी बहुवर्षायू झाडे यांची नावे निर्धास्त वाटतात, कारण रोपवाटिकेत ती इथली थंडी सोसणारी म्हणूनच विकली जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ मध्ये सुधारलेल्या, कुठले झाड कुठली थंडी सोसेल हे ठरवण्यासाठीच्या नकाशात हा परिसर मुख्यतः ५ब आणि ६अ या विभागांत मोडतो; म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरीने उणे २१ ते उणे २६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. मात्र झाडांसाठी दिलेला विभाग जमिनीत लावलेल्या झाडाला लागू होतो. तेच झाड कुंडीत असेल, तर ते निदान दोन विभाग अधिक थंडी सोसणारे असावे, असा इथल्या बागकाम करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि माझ्या मते तो काटेकोरपणे पाळण्यासारखा आहे.

यामागचे कारण पाहायचे असेल, तर सप्टेंबरच्या अखेरीस कंद लावलेली एखादी कुंडी नोव्हेंबरमध्ये अलगद उपडी करून मातीचा गोळा बाहेर काढून पाहावा. वर हिरवा ठिपकाही नसतो, पण खाली कंदाच्या बुडातून फुटलेली पांढरी, दोऱ्यासारखी मुळे मातीतून आरपार जाऊन कुंडीच्या भिंतीला चिकटून गोल फिरलेली असतात. जमिनीत थंडी फक्त वरून शिरते आणि खालच्या मातीची ऊब मुळांना मिळत राहते. कुंडीत मात्र ती चहूबाजूंनी शिरते आणि झाडाची सर्वांत कोवळी मुळे नेमकी त्या भिंतीलगतच असतात. झाडाच्या वरच्या भागाइतकी थंडी त्याची मुळे सोसू शकत नाहीत. म्हणून वसंतात कंद हाताला टणक लागूनही कुंडीतून काहीच वर येत नाही, तेव्हा मुळे हिवाळ्यातच गेलेली असण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून कुंड्या सरळ घरात आणाव्यात, असे अनेकांना वाटते आणि त्यातही नुकसानच होते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांची सलग थंडी लागते. दिवाणखान्यातल्या २० अंशांत ठेवलेल्या कुंडीतून पाने येतात, पण फुलाचा दांडा आखूड राहतो किंवा कळी आतच सुकते. होस्टालाही विश्रांतीचा थंड काळ हवाच असतो. आपल्याला जपायची आहे ती एकसारखी, सौम्य थंडी. दिवसा उन्हाने मातीतला बर्फ वितळावा आणि रात्री माती पुन्हा गोठावी, असे वारंवार झाले की माती फुगते, कंद व मुळे वर उचलली जातात आणि मुळे तुटतात. त्यामुळे दक्षिणेकडची उन्हाची भिंत सोयीची वाटली, तरी कुंड्यांसाठी उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत बरी.

जागा असेल, तर कुंडीसकट सगळे जमिनीत काठापर्यंत पुरून टाकणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ते शक्य नसेल, तर कुंड्या एकमेकींना खेटून भिंतीशी ठेवाव्यात, मोठ्या बाहेरच्या बाजूला आणि लहान मध्ये, आणि फटींत व भोवती वाळलेला पालापाचोळा किंवा गव्हाचा पेंढा गच्च भरावा. वरचे आच्छादन मात्र मातीचा वरचा थर गोठल्यावरच घालावे, नाहीतर उंदीर त्याच उबेत घर करतात. खारींना आणि उंदरांना ट्युलिप व क्रोकसचे कंद फार आवडतात, म्हणून कुंडीच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवलेली बरी. डॅफोडिलचे कंद विषारी असल्याने त्यांना कोणी शिवत नाही. बबल रॅप किंवा गोणपाट कुंडीच्या पोटाभोवती गुंडाळावे, पण त्याचा उपयोग थंडी आत शिरायला उशीर लावण्यापुरताच असतो, कारण गुंडाळी स्वतः ऊब निर्माण करत नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० अंशांच्याही खाली गेला होता. तशा लाटेत गुंडाळीवर विसंबून राहता येत नाही.

माझा स्वतःचा कल घराला लागून असलेल्या, न तापवलेल्या गॅरेजकडे आहे. तिथे तापमान बहुतेक वेळ शून्याच्या आसपास रेंगाळते, वारा लागत नाही आणि कडाक्याच्या रात्री कुंड्या घराच्या सामाईक भिंतीशी सरकवता येतात. तिथे धोका असतो तो माती कोरडी पडण्याचा. झोपलेल्या झाडालाही थोडा ओलावा लागतोच, शिवाय ओली माती कोरडीपेक्षा सावकाश थंड होते आणि पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते. निफाडकडे थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेला पाणी सोडतात, त्यामागेही ओल्या मातीचा हाच गुण आहे. गॅरेजमध्ये महिन्यातून एकदा बोट खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली, तर बाहेरून दोन मुठी बर्फ आणून वर पसरावा. तो हळूहळू वितळून मुरतो आणि पाणी जास्त होण्याची भीती राहत नाही. रस्त्याकडेचा बर्फ मात्र घेऊ नये, त्यात मीठ असते. उघड्यावरच्या कुंड्यांचे भय उलट असते. भोकांत बर्फ अडकून पाणी तुंबले की कंद कुजतात, त्यामुळे कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात. मातीच्या कुंड्या तर बाहेर ठेवूच नयेत, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि कुंडीच्या सच्छिद्र भिंतीचे पापुद्रे निघतात.

डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस यांची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबरात दव गोठून पाने काळी पडली की देठ वीतभर ठेवून छाटावेत, कंद काढून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) तळघरात सुमारे ५ ते १० अंशांत ठेवावेत. महाराष्ट्रात शेतात बारा महिने जमिनीत राहणारा निशिगंधही इथे काढूनच ठेवावा लागतो आणि त्याला डेलियापेक्षा थोडी अधिक उबदार जागा मानवते. ट्युलिपचे कंद फ्रीजमध्ये ठेवायचे असतील, तर त्याच फ्रीजमध्ये सफरचंदे ठेवू नयेत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी मरते.

मार्चमध्ये गॅरेजमधल्या कुंड्यांतून फिकट पिवळी टोके दिसू लागली की त्या बाहेर न्याव्यात, पण पहिला आठवडाभर सावलीतच ठेवाव्यात आणि पारा उणे ४ अंशांखाली जाणार असेल, त्या रात्री पुन्हा आत घ्याव्यात. इथल्या कितीतरी मराठी घरांत खिडकीशी हिवाळा काढणाऱ्या कढीपत्त्याला मात्र ही घाई चालत नाही. रात्रीचे तापमान सातत्याने १० अंशांच्या वर राहू लागेपर्यंत, म्हणजे बहुधा मेच्या अखेरीपर्यंत, त्याने आतच राहावे.