कुंडीतला वाल: मोडापासून गाठींपर्यंत

16 नोव्हेंबर. रात्री कडवे वाल भिजत घातले. बी माहेरचं, अलिबागजवळच्या शेतातलं, आणि सोबत त्याच शेतातली पिशवीभर माती. ही माती पुढे फार कामाला आली.

18 नोव्हेंबर. फडक्यातल्या वालांना मोड आले. सासूबाई म्हणाल्या, "बिरड्याला ठेवलेत का गं हे?" अर्धे त्यांना दिले, अर्धे मी घेतले. बी फुगतं ते निव्वळ पाणी शोषून. मेलेलं बीसुद्धा तसं फुगतं. खरी हालचाल सुरू होते ती मोड बाहेर डोकावतो तेव्हा. आणि बहुतेक बियांत तो पहिला मोड नव्या पेशींनी बनलेला नसतो. आधीच तयार असलेल्या पेशी पाण्याने ताणून लांब होतात, विभाजनाला जोर नंतर येतो.

20 नोव्हेंबर. हे डोळ्यांनी बघायचं होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस साख्स यांनी एकोणिसाव्या शतकात मुळांवर शाईच्या खुणा करून वाढ मोजली होती. तेच केलं. पाच मोड आलेले वाल थर्माकोलला टाचणीने टोचले, मुळं खाली. बारीक दोरा काळ्या शाईत बुडवून मुळावर टोकापासून एकेक मिलिमीटरवर दहा रेघा ओढल्या. बरणीत ओला कापूस, वर झाकण, बरणी अंधाऱ्या कपाटात.

21 नोव्हेंबर. मंडळी, हे एकदा तरी करून बघाच! वरच्या पाच-सहा रेघा जशाच्या तशा, एकेक मिलिमीटरवर. टोकाकडच्या दुसरी, तिसरी, चौथी या रेघा मात्र पार लांब गेलेल्या, आणि मधली शाई ताणून फिकट राखाडी झालेली. अख्खं मूळ वाढतच नाही. वाढतो तो टोकामागचा काही मिलिमीटरचा पट्टा.

अगदी टोकाला, मूलटोपीच्या आड, पेशी दुभंगत राहतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, सगळ्या इवल्याशा. लांबी येते ती त्यांच्या मागे. तिथे प्रत्येक पेशीतल्या छोट्या रिक्तिका, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, एकत्र येऊन एक मोठी रिक्तिका होते, आणि पेशीचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पाण्याने भरतो. पेशी मूळच्या दहापटीहूनही लांब होऊ शकते. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. तरी भित्तिका, म्हणजे पेशीची भिंत, फुटत नाही, कारण ती हिशेबाने सैल केली जाते: पेशी भित्तिकेत आम्ल सोडते, त्याने तिथली एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं जागी होतात आणि सेल्युलोजच्या धाग्यांची एकमेकांवरची पकड ढिली होते. हे धागे लाकडी पिंपाच्या लोखंडी पट्ट्यांसारखे आडवे गुंडाळलेले असल्याने पेशी जाड होत नाही, लांब होते.

यावरून माझ्या दोन सवयी बदलल्या. वाल आता रोपं करून हलवत नाही, थेट कुंडीत लावते. उपटताना टोकाचा तो पट्टा तुटला की त्या मुळाची लांबी तिथेच थांबते. आणि माती पार कोरडी पडू देत नाही. दुपारी पानं मान टाकतात तेव्हा पेशीतला दाब उतरलेला असतो, आणि तेवढा वेळ वाढ होत नाही.

22 नोव्हेंबर. दोन मोठ्या कुंड्यांत पेरणी. दोन्हींत गावची माती आणि थोडं गांडूळखत. पहिलीला पुढे दर आठवड्याला चिमूटभर युरिया, दुसरीला नुसतं पाणी.

10 डिसेंबर. युरियाची कुंडी हिरवीगार, दुसरी जरा फिकट. दोन्हीकडे वेल सुतळीला गुंडाळायला लागलेत.

27 डिसेंबर. प्रत्येक कुंडीतलं एकेक रोप मातीसकट काढून बादलीत हलक्या हाताने धुतलं. युरियावाल्याच्या मुळांवर चार बारक्या, पांढुरक्या गाठी. दुसऱ्यावर मोजल्या तेवीस, काही मोहरीहून मोठ्या. एक ब्लेडने कापली. आत चक्क गुलाबी, ताज्या मांसासारखी!

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. मातीतले रायझोबियम जीवाणू (गावची माती कामाला आली ती यांच्यामुळेच) मूलरोमातून, म्हणजे मुळावरच्या केसांसारख्या तंतूंतून, आत शिरतात, मुळाच्या पेशी त्यांच्यासाठी विभाजित होऊन गाठ बांधतात, आणि एकेका पेशीत हजारो जीवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करणारं त्यांचं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने बिघडतं, पण श्वसनाला तर ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि जेमतेम लागेल तेवढाच पुरवतं. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. युरिया आयता मिळाला की झाड ही साखर खर्च करत नाही. मला वाटतं, वालाला युरिया घालणं म्हणजे घरची गाय उपाशी ठेवून पिशवीचं दूध आणणं.

11 जानेवारी. फिकट वाटणारी कुंडी आता गडद हिरवी आहे आणि पहिला तुरा तिनेच धरलाय. युरियावालीला पाला भरपूर, तुरा अजून नाही. तिचा युरिया आजपासून बंद. शेंगा संपल्या की दोन्हीकडचे वेल उपटणार नाही, मातीलगत कात्रीने कापेन. मुळं आणि गाठी कुंडीतच कुजू देणार, आणि मग त्याच मातीत मेथी.