ड्यूकच्या नाकावर टिच्चून

खंडाळ्याचा घाट उतरताना डाव्या हाताला ड्यूक्स नोजचा तो सुळका दिसला की शेजारच्याला "ते बघ नाक" म्हणायचंच, हा आमचा शाळेपासूनचा नियम आहे. म्हणायचं आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालायचं. वर मात्र कधीच गेले नव्हते, बत्तीस वर्षं पुण्यात काढून!

तर मागच्या रविवारी गेलो एकदाचे, मी आणि बाबा. बाबा ६७ चे आहेत पण रोज तळजाई चढतात, त्यामुळे काळजी माझीच होती. शिवाजीनगरहून पहाटेची लोकल पकडली, मळवलीला लोहगड-विसापूरवाली सगळी सॅकधारी मंडळी उतरली आणि डबा एकदम रिकामा. लोणावळ्याला चहा, रिक्षावाल्याशी थोडी घासाघीस (आम्ही हरलो), आणि कुरवंडे गाव. वाटेत आयएनएस शिवाजी लागतं. नौदलाला इंजिनिअरिंग शिकवायला सह्याद्रीच्या माथ्यावरच जागा का मिळाली असेल हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

गावातून निघालो आणि मी कुणाला तरी फोनवर सांगत होते की ड्यूक्स नोजला आलोय, तर बाबा थांबलेच. "नागफणी म्हण गं. त्या इंग्रज ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक मोठं होतं म्हणून आपल्या डोंगराला त्याचं नाव? १८०३ साली असईला आपल्याला हरवलं त्यानं, आणि आपण त्याचंच नाक कौतुकानं दाखवत बसतो." मी गप्प. पुढची वीस मिनिटं उंबरखिंड. मोगलांचा सरदार कारतलब खान एवढी मोठी फौज घेऊन ह्याच कुरवंड्याच्या घाटानं कोकणात उतरायला गेला, आणि खाली उंबरखिंडीत झाडीमध्ये महाराज वाट बघत बसलेले, २ फेब्रुवारी १६६१. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणी नाही, शेवटी सोबतच्या रायबागन या सरदारणीनंच त्याला शरण जा म्हणून सांगितलं. हे सगळं मला माहीत होतं, पण तो घाट समोर खाली उतरताना दिसत असताना ऐकायला वेगळंच वाटतं, कारण खरंच इतकी चिंचोळी जागा आहे की तिथे आमच्या सोसायटीची गणपतीची मिरवणूकसुद्धा अडकेल.

वाट तशी सोपी, पिवळं वाळलेलं गवत, मधे कारवीची झुडपं. आणि तिथेच माझ्या उजव्या बुटानं तोंड उघडलं. पाच वर्षं माळ्यावर पडलेले ट्रेकिंगचे बूट, वरून एकदम नवे दिसत होते, पण आतला गोंद वाळून गेलेला, सोल पुढून अर्धा सुटला आणि प्रत्येक पावलाला फटाक फटाक आवाज. बाबा हसायला लागले. वाटेत लिंबू सरबत घेऊन बसलेल्या एक आजी होत्या, त्यांनी लांबूनच ऐकलं असणार. "बस हितं," म्हणाल्या, लिंबांच्या गोणीची सुतळी ओढून काढली, दातानं तोडली, आणि बुटाला खालून दोन वेढे, घोट्याला एक, वर अशी काही गाठ मारली की मला ती अजून सुटलेली नाही. पैसे घेईनात. मग आम्ही दोन-दोन ग्लास सरबत प्यायलो, बाबांनी शुगर असून.

शेवटच्या टप्प्यात काळा कातळ आहे, रेलिंग लावलंय, चढायला काहीच नाही खरं तर. पण एका बाजूला बघितलं की पोटात गोळा येतो. मी चक्क बसून बसून गेले, लोक बघत होते, बघू देत. सुतळी मात्र कातळावर मस्त धरत होती, सोलपेक्षा बरी.

माथ्यावर महादेवाचं छोटं देऊळ आहे आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. एका बाजूला राजमाची, खाली खोपोली, समोरच्या कड्यावर लाव्हाचे थर एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्या पायथ्याशी आपला एक्सप्रेसवे दोरीसारखा पडलेला. गंमत म्हणजे नाकावर बसल्यावर नाक दिसतच नाही, फणाही दिसत नाही, नुसता एक मोठा दगड असतो. तेवढ्यात मुंबईकडून एक गाडी घाट चढत आली, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावलेली, एका बोगद्यात गेली, दुसऱ्यातून निघाली. त्यात कुणीतरी नक्की म्हणत असणार "ते बघ नाक". मी हात हलवला. बाबांनीही हलवला, मग इकडेतिकडे बघून खाली घेतला.

उतरायला फार वेळ लागला नाही. आजी तोवर उठून गेल्या होत्या, दाखवायचं राहिलंच. चिक्की घेतली, लोकलला बसायला जागा मिळाली.

बूट आता गॅलरीत आहेत, सुतळीसकट. कोपऱ्यावरचे चप्पल शिवणारे काका म्हणाले नुसतं चिकटवून टिकायचं नाही, सगळीकडून शिवावं लागेल, दीडशे होतील. बाबा म्हणतात सुतळीला काय झालंय.