तानपुरा बंद झालाय, बाई

सांगलीच्या गावभागात, वाड्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत, मी १९९८ पासून शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ते बंद पडले तेव्हा माझे वय ५४ होते, विद्यार्थी ३८ होते, आणि मोबाइलवर मला फोन घेणे, फोन करणे व आलेले सुप्रभात पुढे ढकलणे एवढेच येत होते. त्याआधी सातच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते. माझ्या दोन पेट्यांचे भाते फुगून निकामी झाले होते आणि एका तानपुऱ्याचा भोपळा सांध्यात सुटला होता. तो तानपुरा मिरजेच्या सतारमेकरांकडून दुरुस्त होऊन आला, वर्ग पुन्हा भरू लागले, आणि पुन्हा कुलूप लागले. पुराचे पाणी निदान उतरते तरी. हे कधी उतरणार, हे कोणी सांगू शकत नव्हते.

पहिल्या पंधरा दिवसांतच काही पालकांनी ऑनलाइन वर्गाबद्दल विचारले. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिले, की गाणे ही गुरुमुखी विद्या आहे, ती समोर बसूनच घ्यावी लागते, काचेच्या तुकड्यातून ती जात नाही. हे म्हणणे खोटे नव्हते. मात्र ज्या कारणासाठी मी ते पुढे करत होते, ते कारण वेगळे होते. त्या खोलीत बावीस वर्षे चुका काढणारी मी होते. ज्या मुलींना हाताला धरून टाळी आणि खाली शिकवली, त्यांनाच आता ‘हे चित्र दाबायचे की ते’ असे विचारायचे, ही कल्पना मला सोसत नव्हती. त्यात मोबाइलवरचे सगळे इंग्रजीत, आणि चुकीचे काही दाबले गेले तर खात्यातले पैसे जातील ही वाचीव भीती. अज्ञानाला तत्त्वाचे सोवळे नेसवले, की कोणी शिवायला येत नाही.

एप्रिलमध्ये मात्र हिशेबाची वही उघडावी लागली. दरमहा पाचशे रुपये फी, अडतीस विद्यार्थी, म्हणजे महिना एकोणीस हजार, आणि त्यातला एक रुपयाही येत नव्हता. तेव्हा प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तीन मुलींचा वर्ग मोबाइलवर घेऊन पाहू, असे मी कबूल केले. एका मुलीच्या वडिलांनी दुवा पाठवला, मी तो दाबला, तबल्याखालच्या चुंबळीत मोबाइल उभा केला आणि तानपुरा छेडला. प, सा, सा, खालचा सा असे एक आवर्तन झाले असेल-नसेल, तोच पलीकडून आवाज आला, “तानपुरा बंद झालाय, बाई.” मी तर छेडतच होते. मी सांगितले, की नीट ऐका. त्या तिघीही म्हणाल्या, की पहिले दोन क्षण ऐकू येतो, मग विरून जातो. मी षड्ज, म्हणजे सा, लावला तर तोही मध्येच तुटे. जितका स्थिर आणि लांब लावावा, तितका लवकर तुटे. सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला मनातून बरे वाटले. ‘मी म्हणतच होते’ असे म्हणून मी दुवा बंद केला आणि दोन दिवस हा किस्सा शेजारीपाजारी रंगवून सांगितला.

किस्सा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीपर्यंत पोहोचला आणि तिचा फोन आला. तिने माझी समजूत घातली नाही, ‘बाई, सोपं असतं हो’ असेही म्हटले नाही. तसे म्हटले असते तर मी फोन ठेवला असता. तिने कारण सांगितले. ही ॲपे माणसांचे बोलणे पोहोचवण्यासाठी बनवलेली असतात. बोलणे सतत चढते-उतरते, मध्ये थांबते. जो आवाज न थांबता एकसारखा चालू राहतो, तो पंख्याचा किंवा मिक्सरचा असणार असे गृहीत धरून यंत्र तो गाळून टाकते. “बाई, त्याच्या लेखी तुमचा तानपुरा म्हणजे पंखा आहे,” ती म्हणाली. “आणि तुमचा षड्ज इतका स्थिर लागतो, की तोही पंखाच.”

मी हसले, आणि हसता हसता पहिल्यांदाच मला त्या यंत्राबद्दल कुतूहल वाटले. ते माझा अपमान करत नव्हते. त्याला गाणे माहीत नव्हते, इतकेच. ज्याला गाणे माहीत नाही त्याला ते सांगणे हा तर माझा व्यवसाय. ॲपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची एक सोय होती. ती चालू केली की आवाज गाळणे थांबते. ती शोधायला मला पाऊण तास लागला. संध्याकाळी त्याच तीन मुलींना बोलावले आणि काही न सांगता तानपुरा छेडला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने हळूच विचारले, “बाई, हा मिरजेहून दुरुस्त करून आणलेला ना?” जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, ओळखू येण्याइतका तो पोहोचला होता.

त्यानंतर मी एक दोनशेपानी वही केली. एका दिवशी एकच गोष्ट, ती येईपर्यंत दुसरी नाही. दुवा कसा तयार करायचा, दुसऱ्याचा माइक कसा बंद करायचा, स्वतःचा पडदा विद्यार्थ्यांना कसा दाखवायचा, हे सर्व चिन्हांची चित्रे काढून, शेजारी मराठीत दोन ओळी लिहून, मी उतरवून घेतले. मोबाइलची भाषा मराठी करून पाहिली, पण तिथले मराठी शब्द मला इंग्रजीपेक्षा परके वाटले आणि मदत करणाऱ्यांना तर ते अजिबातच सापडेनात, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा इंग्रजीवर आले. शेजारच्या अकरावीतल्या मुलाला मी एक अट घातली होती: माझ्या हातातून मोबाइल घ्यायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे. तरुण मुले मदत करतात ती अशी, की आपल्या हातातले यंत्र घेतात, चार बोटे फिरवतात आणि ‘झालं, काकू’ म्हणून परत देतात. काम होते, पण आपण होतो तिथेच राहतो. माझ्याच हातून तेच काम पाच वेळा चुकल्यावर सहाव्या वेळी जे बसले, ते अजून सुटलेले नाही.

खरी अडचण तालाची होती आणि तिच्यावर कोणतीही सोय दाबून उपाय नव्हता. आवाज इंटरनेटवरून जायला वेळ लागतो. सांगलीहून दूर परदेशात जाऊन परत यायला पाव सेकंद सहज जातो, कधी जास्तही. बोलताना ते जाणवत नाही. परंतु मिनिटाला २४० मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, द्रुत तीनतालात पाव सेकंद म्हणजे पुरती एक मात्रा. मी इकडून ठेका लावावा, विद्यार्थिनीने तो ऐकून बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावे, आणि माझ्या कानाला ती सम दुसऱ्या मात्रेवर पडलेली ऐकू यावी, असे रोज होऊ लागले. सुरुवातीला मी त्या बिचाऱ्यांना रागे भरत होते. एकीने शेवटी आपले गाणे ठेक्यासह तिकडेच ध्वनिमुद्रित करून पाठवले, तेव्हा कळले की ती लयीत पक्की होती.

उपाय साधा निघाला. जो गातो त्याच्याच घरी ठेका वाजला पाहिजे. विद्यार्थिनी गात असेल तर तानपुरा आणि तबला तिच्याकडच्या ॲपवर लावायचा. मग गाणे आणि ठेका दोन्ही सारख्याच उशिराने माझ्यापर्यंत येतात आणि एकमेकांशी जुळलेले असतात. मी शिकवताना ठेका माझ्याकडे. दोघींनी एका वेळी गाणे मात्र नाहीच. एकीने म्हणायचे, दुसरीने माइक बंद ठेवून ऐकायचे. याच काळात वायरचे इअरफोन घेतले. स्पीकरवरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की घुमतो, आणि बिनवायरच्या इअरफोनमध्ये उशिराची आणखी भर पडते, हे स्वतः करून पाहिल्यावर समजले.

पैशांची भीती सर्वांत शेवटी गेली, किंबहुना पूर्ण गेलेली नाही, आणि जाऊही नये. यूपीआय शिकवणाऱ्या त्या अकरावीतल्या मुलाने माझ्याकडून एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले होते: ‘पैसे घेताना पिन लागत नाही.’ जूनमध्ये एका गृहस्थांचा फोन आला. सैन्यात अधिकारी आहोत, बदलीवर आहोत, मुलीला गाणे शिकवायचे आहे, तीन महिन्यांची फी आधीच पाठवतो. बोलणे अतिशय आदबशीर. मग एक क्यूआर कोड आला आणि ‘मॅडम, हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल’ असे सांगण्यात आले. कोड स्कॅन करायला एक मोबाइल लागतो आणि कोड त्याच मोबाइलवर आलेला, म्हणून मी सुनेचा मोबाइल मागायला उठले, आणि उठताना वहीवर नजर गेली. मी विचारले, “पैसे तुम्ही देणार, तर पिन मी कशाला टाकू?” फोन बंद झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरे. पण दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर त्या आदबीवर भुलून पिन टाकला असता, हेही तितकेच खरे.

दिवाळीनंतर न्यू जर्सीहून पहिली विद्यार्थिनी आली, जुन्या विद्यार्थिनीची नणंद. तिच्या ओळखीने आणखी चौघी आल्या, मग लंडनहून दोघी. परदेशातून फी घ्यायची तर ती रक्कम कशाबद्दल आली याचा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला संकेतांक बँकेला कळवावा लागतो. शिकवणीच्या फीसाठी कोणता संकेतांक, हे आमच्या शाखेत तीन खिडक्यांवर तीन प्रकारे सांगण्यात आले, आणि शेवटी एका सनदी लेखापालाला फी देऊन विचारावे लागले. वेळेचा घोळ त्याहून मजेशीर. न्यू जर्सीच्या शनिवारी सकाळी नऊचा वर्ग म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसात, हे मी पाठ केले होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात हे मला कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या शनिवारी मी साडेसातला तानपुरा जुळवून बसले तेव्हा ती तासभर वाट पाहून उठून गेली होती. आता भिंतीवर तीन घड्याळे आहेत. लंडनचे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी हलते, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तिघांचीही तोंडे तीन दिशांना असतात.

आज माझ्याकडे ४४ विद्यार्थी आहेत, त्यांतले २७ ऑनलाइन. उत्पन्न पूर्वीच्या दुपटीहून अधिक आहे आणि पुरात गेलेल्या दोन्ही पेट्यांच्या जागी नव्या आल्या आहेत. शिकवण्यातही एक गोष्ट पूर्वीपेक्षा चांगली झाली. प्रत्येकजण आठवड्याला एक ध्वनिमुद्रण पाठवतो. ते मी दोन-तीनदा ऐकते आणि कोमल रिषभ नेमका कुठे चढला, हे मिनिट-सेकंदासह कळवते. समोर बसवून शिकवताना ती चूक निसटून जाई, किंवा मला ऐकू येऊनही पुढच्या जागेच्या नादात सांगायची राहून जाई.

आणि तरीही, २०२० च्या एप्रिलमध्ये मी जे म्हणत होते त्यातले काही आजही म्हणते. श्वास पोटातून घेतला जातो आहे की खांद्यातून, हे त्या चौकटीत धड दिसत नाही. तानपुरा जुळवणे मी आजपर्यंत कोणालाही ऑनलाइन शिकवू शकलेले नाही. ॲपच्या तानपुऱ्यावर वाढलेल्या मुलींना खुंटी पिळायची वेळ येतच नाही. फरक इतकाच, की तेव्हा हे आक्षेप मी न शिकता घेत होते आणि त्यांत खरे-खोटे एकत्र मिसळले होते. ‘षड्ज जात नाही’ हा माझा आक्षेप पाऊण तासाच्या शोधानंतर गळून पडला. ‘एकत्र गाता येत नाही’ हा पाच वर्षांनंतरही तसाच उभा आहे, आणि आता तो मी कारणासह सांगू शकते. पुण्याच्या त्या विद्यार्थिनीने एकदा मला ऐकवले होते, की मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका आम्हाला ऐकवून तुम्ही स्वर लावायला शिकवला, तेव्हा काचेच्या तुकड्याचे काही म्हणणे नव्हते. त्यावर मला उत्तर सुचले नव्हते आणि अजूनही सुचलेले नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीची ती पहिली विद्यार्थिनी सांगलीला आली. चार वर्षे शिकत होती, पण प्रत्यक्ष भेट पहिलीच. नमस्कार झाला, चहा झाला, आणि मी तिच्या हातात तानपुरा दिला. तिने तो अवघडून मांडीवर घेतला. मी यमनातली एक ओळ म्हटली आणि तिच्याकडे पाहिले. ती थांबली, अगदी क्षणभर, आणि मग तिने ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीलाही तसेच झाले, तिसरीलाही. विसरली म्हणावे तर ओळ बिनचूक येत होती. मग माझ्या लक्षात आले, की ती माझा आवाज पोहोचायची वाट पाहत होती.

“अगं, मी इथेच आहे,” मी म्हटले. “माझ्याबरोबर म्हण.”