लेवीयच्या पुढे कसं जायचं? चारचौघांत अख्खं बायबल वाचताना

एक जानेवारीला उत्साहात सुरू झालेलं सामुदायिक बायबलवाचन पुष्कळ ठिकाणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अडतं. मग भक्ती कमी पडली म्हणून लोक हळहळतात. आमच्या मते गडबड भक्तीत नसते, हिशेबात असते.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. त्याच्या दोन भागांपैकी जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, असे आठवड्याला २३ अध्याय वाचले की ५२ आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो, वर सात अध्यायांची सवड राहते. हा जुना हिशेब चुकीचा नाही. पण तो कोणत्या वाटेने नेतो ते बघा. उत्पत्ती आणि निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचे ५० आणि ४० अध्याय जानेवारीतच संपतात. महिनाअखेरीला लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक सुरू होतं आणि चालू गोष्ट एकदम थांबते. पुढे होमार्पण, चरबी, गुरदे, अंगावरचे चट्टे. त्यातून बाहेर पडेपर्यंत पुढच्या पुस्तकातली, गणनामधली शिरगणती हजर. शिवाय या चालीने नव्या कराराचं पहिलं पुस्तक मत्तय उजाडतं तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ख्रिस्ती माणसांच्या गटाने नऊ महिने शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, उघडायचंच नाही, हे कुणाला मानवणार?

म्हणून सरळ रेघेत न जाता दोन्ही करार बरोबरीने घ्यावेत. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक (पास्टर) रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या चर्चच्या मंडळीसाठी केलेलं कोष्टक. रोज चार ठिकाणचं वाचन, दोन कुटुंबात आणि दोन एकट्याने. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. कोष्टक उत्तम आहे, पण नव्या गटाला जड जातं. चार ठिकाणी पानं उलटता उलटता कोण कुठे आहे तेच कळत नाही.

नव्या गटाला पेलेल असा हिशेब असा. स्तोत्रसंहिता बाजूला काढली की जुन्या करारात ७७९ अध्याय उरतात. सोमवार ते शुक्रवार रोज तीन वाचले तर वर्षाच्या २६० दिवसांत ७८० होतात, म्हणजे जवळपास नेमके. नव्या कराराचे २६० अध्याय रोज एक याप्रमाणे त्याच २६० दिवसांत बसतात. स्तोत्रं शनिवारी, एका वेळी तीन. ११९ वं स्तोत्र मात्र १७६ वचनांचं आहे, आठ-आठ वचनांची २२ कडवी. त्याला स्वतंत्र दोन शनिवार द्यायचे, ११ आणि ११. उरलेली १४९ स्तोत्रं ५० शनिवारांत होतात. एकूण शनिवार ५२. रविवार मोकळा. त्या दिवशी मंडळीत शास्त्रपाठ असतोच, आणि राहिलेलं भरून काढायला तेवढी एक जागा लागते.

या मांडणीचा एक फायदा वाचायला लागल्यावरच ध्यानात येतो. उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय, म्हणजे बरोबर सहा आठवडे. सातव्या सोमवारी लेवीय १ ते ३ येतं आणि त्याच दिवशी, नव्या करारात मत्तय संपून, मार्क ३. बुधवारी मार्क ५ मध्ये बारा वर्षं रक्तस्राव असलेली स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. शुक्रवारी लेवीय १३ ते १५ वाचताना कळतं की अशा स्त्रीचा नुसता स्पर्शही अशुद्ध मानला जाई. ती भीत, थरथर कापत पुढे का आली असेल हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच शुक्रवारी मार्क ७ असतं: न धुतलेल्या हातांवरचा वाद, आणि माणसाला विटाळतं ते बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतं हे येशूचं म्हणणं. खाण्याजोग्या आणि निषिद्ध प्राण्यांची यादी (लेवीय ११) गटाने आदल्याच दिवशी ऐकलेली असते. एरवी कंटाळवाणं म्हणून बदनाम झालेलं पुस्तक या आठवड्यात सगळ्यांत जास्त प्रश्न उभे करतं.

तरी तयारी हवीच. लेवीयचे पहिले सात अध्याय पाच अर्पणांचे आहेत: होम, अन्न, शांती, पाप आणि दोष. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहून ठेवा: काय आणायचं, काय जाळायचं, उरलेलं कोण खातं. कागद मध्ये ठेवून वाचलं की माणसं हरवत नाहीत. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा याच पुस्तकात, १९ व्या अध्यायाच्या १८ व्या वचनात आहे हे आधी सांगू नका. वाचताना कुणीतरी मान वर करतंच.

आता वेळेचं. संपूर्ण बायबल मोठ्याने वाचायला साधारण ७० ते ८० तास लागतात. वरच्या हिशेबाने कामाच्या दिवशी १५ ते १८ मिनिटं झाली. त्यावर पाच मिनिटं बोलणं आणि एक छोटी प्रार्थना. पंचवीस मिनिटांच्या पुढे बैठक जाऊ देऊ नये. ती पाऊण तासावर गेली की आधी नोकरदार गळतात, मग शाळकरी मुलं असलेल्या घरच्या बायका, शेवटी दोन निवृत्त मंडळी राहतात. जिथे संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) किंवा कौटुंबिक प्रार्थना होतेच तिथे वाचन तिलाच जोडावं. नवी वेळ रुजवण्यापेक्षा जुन्या वेळेला लटकणं सोपं. फोनवरून जमणाऱ्या गटात कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत असेल तर वेळ एकदाच ठरवावी आणि अमेरिकेत मार्च-नोव्हेंबरमध्ये घड्याळ सरकतं तेव्हा कोण जुळवून घेणार हेही त्याच वेळी बोलून घ्यावं.

गट सहा ते आठ जणांचा बरा. चौघांत दोघं गावाला गेले की बैठकच मोडते. बारा जणांत वाचायची पाळी येईना म्हणून लोक नुसते ऐकतात, आणि पुढे ऐकणंही सुटतं. महिन्याचं पाळीपत्रक आधी काढा. प्रत्येक दिवशी एक वाचक आणि एक बदली. बदलीचं नाव लिहिलेलं नसलं की गट चालवणाराच रोज वाचत बसतो आणि जूनपर्यंत थकतो.

मोठ्याने वाचायला सगळ्यांकडे एकच भाषांतर असावं. मराठी घरांत बहुधा बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' असतं. काही घरांत पंडिता रमाबाईंचं असतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी एकहाती केलेलं ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये बाहेर पडलं. ते ताडून पाहायला जरूर जवळ ठेवा. पण एक जण एका प्रतीतून वाचतोय आणि बाकीचे दुसरीत बोट फिरवताहेत, असं झालं की लक्ष अर्थावरून शब्दांतल्या फरकावर जातं.

कॅथलिक प्रतीत ७३ पुस्तकं असतात: तोबीत, यहुदीत, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख ही जास्तीची, आणि एस्तेर व दानीएल यांतले वाढीव भाग. काही आवृत्त्यांत योएलचे चार आणि मलाखीचे तीन अध्याय असतात, इतरांत उलट. मजकूर तोच, आकडे वेगळे. मिश्र गटात हे पहिल्याच बैठकीत सांगितलं नाही तर नेमकं त्या दिवशी शोधाशोध सुरू होते. आणखी एक गैरसमज: रोज मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) जाणाऱ्याचं सगळं बायबल ऐकून होतं असं नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात फिरतात हे खरं, पण जुन्या कराराचा बराच मोठा भाग त्यात येतच नाही.

अध्यायांच्या सीमा पवित्र नाहीत, हेही ठाऊक असावं. अध्याय पडले तेराव्या शतकात, कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टनच्या काळी. आजचे वचनांचे आकडे नव्या कराराला १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने दिले. त्यामुळे काही ठिकाणी तुकडा भलतीकडेच पडतो. यशयातलं दुःखी सेवकाचं गीत ५३ व्या अध्यायात सुरू होत नाही, ५२ च्या १३ व्या वचनात होतं. उत्पत्तीतली सात दिवसांची गोष्ट दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाशी संपते. दिवसाचं वाचन अशा जागी तुटत असेल तर चार वचनं पुढेमागे करा. कोष्टक आपल्यासाठी आहे.

काही अध्याय वाचायची पद्धतच बदलावी लागते. गणना ७ मध्ये ८९ वचनं आहेत आणि बारा सरदार बारा दिवस तंतोतंत तेच अर्पण आणतात: १३० शेकेलांचं (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र. एकट्याने वाचलं तर घशाला कोरड पडते. सरदार वाटून घ्या, एकेका वाचकाला एक किंवा दोन. मग ती मिरवणूक वाटते, आणि मजकुराचा हेतूही तोच आहे. ईयोबमध्ये उलट अडचण: तिसऱ्या अध्यायापासून कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. ईयोब, अलीफज, बिल्दद, सोफर आणि मागाहून येणारा अलीहू, पाच आवाज ठरवून टाका. हे केलं नाही तर अलीफजचं एखादं गोड वाक्य कुणीतरी वचन म्हणून भिंतीवर लावतं. शेवटच्या अध्यायात परमेश्वर अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. स्तोत्रं वाचताना वचन अर्ध्यावर तोडून दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणावं. हिब्रू कविता तशीच बांधलेली आहे, पहिल्या अर्ध्याला दुसरं अर्धं साद देतं.

राजांच्या पुस्तकांत शलमोनानंतर राज्य फुटतं आणि गट हमखास गोंधळतो. उत्तरेचं इस्राएल, दक्षिणेचं यहूदा, आणि योराम किंवा अहज्या नावाचे राजे दोन्हीकडे. मोठ्या कागदावर दोन रकाने आखा: उत्तरेला १९ राजे, दक्षिणेला १९ आणि मध्ये अथल्या राणी. उत्तरेचा रकाना इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या हातून संपतो, दक्षिणेचा ५८६ च्या सुमारास बाबेलच्या. पुढे संदेष्टे आले की त्यांची नावं याच कागदावर जागच्या जागी घाला. आमोस आणि होशेय उत्तरेकडे, यिर्मया दक्षिणेच्या अगदी तळाशी. हा कागद फाडू नका, वर्षभर लागतो.

१ इतिहासचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नावंच नावं, आपल्या कोष्टकात तीन दिवसांइतकं वाचन. इथे मराठीची मोठी सोय आहे: देवनागरीत लिहिलंय तसं वाचायचं. तरी वाचकाने आदल्या रात्री एकदा ओठ हलवून घ्यावेत. नावांना अडखळून हसू आलं की पुढची दहा मिनिटं गेली.

लहान मुलं बसत असतील तर उत्पत्ती १९, ३४ आणि ३८, शास्ते १९, २ शमुवेल १३, यहेज्केल १६ आणि २३ हे अध्याय आधीच्या आठवड्यात खुणा करून ठेवा. हे भाग गटातून वगळा असं आम्ही म्हणत नाही. त्या संध्याकाळी मुलांना वेगळं बसवा, मोठ्यांनी वाचा. आयत्या वेळी वाचक गप्प होऊन तीन पानं उलटतो, तेव्हा मुलांना त्या पानांची उत्सुकता दुप्पट होते.

मागे पडलेल्यांसाठी नियम एकच: आजचं वाचा. या आठवड्याचं राहिलेलं रविवारी भरून काढा. त्याआधीचं सोडून द्या, समासात पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या फेरीत घ्या. चाळीस अध्यायांचं ओझं घेऊन कुणी परत येत नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी एकच संदेश, दिवसाचा भाग आणि वाचकाचं नाव. फुलांची चित्रं, फॉरवर्ड आणि पन्नास 'आमेन' यांत तो संदेश बुडाला की दुपारी चार जण विचारतात, आज काय आहे?

बोलण्याच्या पाच मिनिटांत प्रवचन नको. आज काय ऐकलं, काय कळलं नाही, एवढंच. न कळलेलं एका वहीत लिहायचं आणि महिन्यातून एकदा पाळकांना किंवा फादरना दाखवायचं. प्रेषितांची कृत्ये २ आणि १ करिंथ १४ च्या आसपास अन्य भाषा (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), बाप्तिस्मा बालकांचा की मोठ्यांचा, हे वाद येणारच, त्यांनाही वहीच. वही नसलेले गट याच दोन जागी फुटतात.

सुरुवात कुठल्याही सोमवारी करता येते, जानेवारीची वाट बघायची गरज नाही. शेवटच्या शुक्रवारी जुन्या करारातले दोनच अध्याय उरतात, मलाखी ३ आणि ४, आणि नव्यातलं प्रकटीकरण २२. त्या दिवशी वेळ हाताशी राहतो. पुढच्या फेरीला कोण कोण आहे ती नावं तेव्हाच लिहून घ्या. सुट्टी घेऊन महिन्याभराने जमवायला गेलात तर निम्मे पांगलेले असतात.