काळी पाचचा धैवत

गेल्या महिन्यात एका कॉलेजात आमचा ‘सौभद्र’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. तीन आठवडे उलटले, पण प्रयोगानंतर एका मुलीने विचारलेला प्रश्न काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आणि ऑर्गन दुरुस्तही करतो. दुसरं काम पहिल्यापायी शिकावं लागलं. आपल्याकडचे जुने ऑर्गन बहुतेक परदेशातून आलेले, त्यांचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. कुठे एखादा ऑर्गन मोडीत निघाल्याचं कळलं की धावत जायचं, त्यातले पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून स्वर देणाऱ्या जिभेचे छोटे तुकडे, काढून आणायचे आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे. माझ्याकडे असे चार डबे आहेत. घरातल्या दागिन्यांपेक्षा मी त्यांना जास्त जपतो.

प्रयोगाच्या महिनाभर आधी कॉलेजचे संयोजक भेटले. भला माणूस, पण पहिलंच वाक्य, “आजकालच्या मुलांना हे झेपत नाही हो, दीड तासात बसवा.” ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं १८८२ साली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यात शंभरावर पदं घातली होती. आज तेवढी कुणीच करत नाही, आम्हीही नेहमी पंचवीसेक करतो. या प्रयोगासाठी ती नऊवर आणली. शिवाय प्रत्येक पदाचा मुखडा आणि एक अंतरा, आलाप-ताना नकोत, असं ठरलं. त्या बैठकीत मीही होकार दिला, हे मला इथे लिहायलाच हवं.

प्रयोगाच्या दिवशी पाऊस कोसळत होता. टेम्पोला ताडपत्री बांधून, वर माझी रेनकोटची जोडी टाकून ऑर्गन नेला. ध्वनियंत्रणेवरचा मुलगा म्हणाला, “काका, एवढं ओझं कशाला आणता? कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज असतो की.” असतो. पण ऑर्गनचा भाता मी पायाने चालवतो. नट एखाद्या स्वरावर थांबला आणि त्याचा श्वास संपत आला की मी पाय हलका करतो, माझा सूरही त्याच्याबरोबर बारीक होतो. तो तानेला निघाला की पाय भराभर चालतात आणि मागून भरीव आवाज उभा राहतो. हे पायांत असतं. बटणात ते कुठून येणार? ही गोष्ट मी आजवर किमान पन्नास ध्वनीवाल्यांना समजावली असेल, आणि त्यातल्या दोघा-तिघांनीच माईक ऑर्गनच्या मागे, जिथून सूर बोलतात तिथे, लावून दिला.

पहिला भाग जेमतेम झाला. समोर तीनेकशे मुलं, निम्म्यांचे चेहरे मोबाइलच्या उजेडात. आणि मध्यंतराच्या जरा आधी माझी काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, अर्धी मुकी झाली. पट्टी दाबावी तर दोन सुरांपैकी एकच बोलायचा.

इथे थोडं सांगायला हवं. हाताच्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. माझ्या ऑर्गनमध्ये उलटं असतं, पायाने आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. म्हणजे नाट्यगृहातली सगळी धूळ, पडद्याचा धागान्‌धागा सुरांतूनच आत जाणार. त्यात पावसाळा. माझ्या ऑर्गनमध्ये एकाच सप्तकाचे दोन संच आहेत, प्रत्येक पट्टीमागे दोन सूर, अगदी एकमेकांत मिसळलेले. त्यातला एक गेला की आवाज लंगडा पडतो. आणि आमचा कृष्ण झालेला नट गातो काळी एकमध्ये. काळी एकचा षड्ज, म्हणजे सा, धरला की काळी पाच हा त्याचा धैवत, म्हणजे ध. मध्यंतरानंतर होतं ‘प्रिये पहा’, देसकार रागातलं. भूप आणि देसकार, दोन्ही रागांचे स्वर तेच पाच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देसकार धैवतावर. म्हणजे नेमका तोच सूर गेलेला!

मध्यंतरात पडदा अर्धाच ओढला होता. मी मागची फळी उघडली आणि आकडी घेऊन उकिडवा बसलो. चार-पाच मुलं स्टेजवर चढून आली. मग दहा, मग पंधरा. “काका, टॉर्च धरू?” बघता बघता सात-आठ मोबाइलचा उजेड ऑर्गनच्या पोटात पडला. ओळीने बसवलेले पितळी सूर बघून सगळी गप्पच झाली. आकडीने काळी पाचचा सूर खाचेतून बाहेर ओढला. तांबूस कापडाचा एक धागा जिभेखाली अडकला होता आणि जिभेच्या टोकाला कळकट थर. धागा काढला, मऊ ब्रशने जीभ पुसली, तर टोकावरचा थरही निघून आला. एका मुलाला पायटे मारायला बसवलं. दहा सेकंदांत त्याचे पाय दुखायला लागले, पण उठेना. सूर बसवला, बोलला, आणि तेवढ्यात तिसरी घंटा झाली. दोन्ही सूर एकमेकांशी पडताळून बघायचे राहून गेले.

पडदा उघडला तेव्हा तिसरा हिस्सा खुर्च्या रिकाम्या होत्या. गेलेल्यांपैकी कुणी परत आलं नाही. पण जे राहिले होते ते पुढे सरकून बसले होते.

कृष्णाने ‘प्रिये पहा’ ठरल्याप्रमाणे आटोपशीर म्हटलं. संपताच दुसऱ्या रांगेतून एका निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या सवयीने आवाज दिला, “वन्स मोअर!” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. काही चुकलं म्हणून परत म्हणायला सांगतात, असं काहींना वाटलं असावं. नटाने माझ्याकडे बघितलं. मी षड्ज धरला. आणि त्याने ते पद मोकळं सोडलं. धैवतावर उभा राहिला तो राहिलाच. तिथून पंचमाला हात लावून परत धैवतावर, मग तार षड्जाला जाऊन आला, तबलजीने ठेका नुसता तोलून धरला होता. विंगेतून संयोजक मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. पद सात-आठ मिनिटं चाललं. एकही मोबाइल पेटलेला दिसला नाही, एक सोडून.

तो त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा होता. प्रयोग संपल्यावर मी फळ्या बंद करत असताना ती आली. कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, गाणं शिकलेली नाही, घरात कुणी गात नाही. तिने दोन्ही वेळा रेकॉर्ड केलं होतं.

“काका, हे ऐका. पहिल्यांदा ते इथे लगेच खाली आले. दुसऱ्यांदा वरच थांबले. मग यातलं खरं कुठलं?”

मी म्हटलं, “दोन्ही खरी, बाळा. पदाचे शब्द आणि चाल ठरलेली असते. बाकी त्या वेळी काय सुचेल ते.”

“म्हणजे त्यांनाही आधी माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

ती जरा थांबली. मग रेकॉर्डिंग पुढे नेऊन मोबाइल माझ्या कानाला लावला. “आणि इथे मागे काय थरथरतंय? पहिल्या भागात असं नव्हतं.”

मी ऐकलं आणि गारच पडलो. काळी पाच. थर निघाल्यावर जिभेचं टोक हलकं झालं आणि तो सूर किंचित चढला. दुसरा जागेवरच. दोघांत सेकंदाला दोन लहरी, म्हणजे दोन कंपनांचा फरक. पदाच्या रंगात मला तो कळला नव्हता. तबलजीला नाही, ध्वनीवाल्याला नाही, आणि मला खात्री आहे, आमच्या नेहमीच्या रसिकांतल्या बऱ्याच जणांनाही कळला नसता.

मी तिला कारण सांगितलं. तिने ते नीट समजून घेतलं आणि विचारलं, “पूर्ण नाटक केव्हा असतं?” मला उत्तर देता आलं नाही, कारण पूर्ण प्रयोगाची एकही तारीख आमच्या वहीत नव्हती.

तेव्हापासून मी हेच घोळवतोय. ती पोरं माझ्या यंत्रापाशी जमली होती की गाण्यापाशी? बरीचशी यंत्रापाशीच, हे मला दिसत होतं. पण सुराच्या पोटात एकदा डोकावल्यावर कान उघडतो का? की तिचा कान आधीपासूनच उघडा होता आणि आम्हीच बैठकीत बसून तो बंद ठरवला होता? मुलांना झेपत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं? एकाही मुलाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी तो सूर काढला. जिभेच्या मुळाशी बारीक कानस दोनदा फिरवली. मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाला घासलं की चढतो. दोन्ही सूर एकत्र वाजवले, लहर मंदावत गेली आणि थांबली.

काल संयोजकांचा निरोप आला. पुढच्या वर्षी पुन्हा करू, पण तासाभरात, आणि जमल्यास रेकॉर्डेड संगीतावर. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज संध्याकाळी त्यांना फोन करणार आहे. पंचवीस पदं, दोन मध्यंतरं आणि ऑर्गन स्टेजच्या कडेला, फळी उघडी ठेवून, अशी मागणी घालणार आहे.